‘मानवत मर्डर्स’: कोर्टातल्या स्टेनोच्या खुर्चीतून

‘मानवत मर्डर्स’ बघितली का, असं मला इतक्या जणांनी विचारलं की शेवटी बघितली. विचारणाऱ्यांचा हिशेब एकच: बाई कोर्टात स्टेनो होत्या, यांना हे आवडणारच. प्रत्यक्षात उलटं असतं. कोर्टात नोकरी केलेल्या माणसाला क्राइमच्या मालिका सोसत नाहीत. इन्स्पेक्टर खोलीत शिरतो, रक्ताचा सुरा रुमालात गुंडाळतो, खिशात घालतो आणि जीपमध्ये बसतो. इकडं मी सोफ्यावरून ओरडते, “अहो, पंच कुठायत? जप्तीला साक्षीदार नकोत?” माझा भाचा वकिली करतो. तो म्हणतो, “मावशी, सिनेमा आहे गं तो, चार्जशीट नव्हे.” पटतं, पण तोंड गप्प बसत नाही.

तर ही मालिका मी बऱ्यापैकी गप्प बसून बघितली. माझ्याकडून एवढी पावती पुष्कळ झाली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. परभणी जिल्ह्यातलं मानवत. नोव्हेंबर 1972 ते जानेवारी 1974 या काळात तिथं दहा खून झाले. मेलेल्यांत लहान मुली, बायका, एक तर वर्षाचं लेकरू. गुप्तधन, मूल होण्यासाठी नवस, नरबळी असं सगळं त्यात निघालं. तपासासाठी मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी आले. त्यांच्याच आठवणींच्या पुस्तकावर ही आठ भागांची मराठी मालिका बेतलेली आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये ती सोनी लिव्हवर आली. दिग्दर्शक आशिष बेंडे, ‘आत्मपॅम्फ्लेट’वाले. कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर; आरोपी उत्तमराव म्हणजे मकरंद अनासपुरे, आरोपी रुक्मिणी सोनाली कुलकर्णी आणि समिंद्री सई ताम्हणकर.

मला मालिका आवडली ती गोवारीकरांच्या ऐकण्यामुळं. बोलण्यामुळं नव्हे. आपल्याकडं पडद्यावरचा पोलीस म्हणजे एक तर टेबलावर हात आपटणार, नाही तर गॉगल काढून वाक्य फेकणार. इथं हा माणूस समोरच्याला बोलू देतो. मधली शांतता भरून काढायची त्याला घाई नाही. मी आयुष्यभर साक्षी टाइप केल्यात. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की सुरुवातीला तो खरंही बोलत नाही आणि खोटंही बोलत नाही, नुसता स्वतःचा आवाज शोधत असतो. चांगला वकील तेवढा वेळ त्याला देतो. वाईट वकील तिथंच “हे खरं आहे काय की…” सुरू करतो आणि माणूस शिंपल्यासारखा मिटतो. गोवारीकरांनी तो वेळ देणारा माणूस उभा केलाय. काहींना ते थंड वाटले, ‘अभिनयच नाही’ असंही ऐकलं. पंचनामा लिहून घेताना कुणी अभिनय करतं का?

खरे रमाकांत कुलकर्णी असेच होते म्हणतात. 1968 मध्ये मुंबईत एकामागून एक खून करणारा रामन राघव पकडला गेला तेव्हाही तपास त्यांच्याकडंच होता. तो पठ्ठ्या काही केल्या तोंड उघडेना. शेवटी त्याला कोंबडी खाऊ घातली आणि मग तो घडाघडा बोलला, हा किस्सा प्रसिद्ध आहे. आम्हा कोल्हापूरकरांना यात नवल वाटायचं कारण नाही.

अनासपुरेंचं मात्र नवल वाटलं. त्यांना बघितलं की आपण आधीच हसायच्या तयारीत बसतो. इथं त्यांनी तीच मराठवाडी बोली, तोच सूर ठेवलाय, फक्त त्यातलं हसू काढून घेतलंय, आणि मागं जे उरतं त्यानं अंगावर काटा येतो. माणूस स्वतः मराठवाड्याचा, त्यामुळं भाषा शिकून बोलल्यासारखी नाही. सोनाली कुलकर्णी चांगलीच आहे, पण काही ठिकाणी डोळ्यांनी जरा जास्त सांगते. सई ताम्हणकरनं माझा अंदाज चुकवला. मेकअप उतरवला म्हणजे ग्रामीण भूमिका झाली, असं ती समजत नाही. बसणं, उठणं, पदर, सगळं त्या बाईचं वाटतं.

आता तक्रारी.

पहिली, लांबी. आठ भागांचा ऐवज नाही हा. मधल्या भागांत तपास गोल फिरतो, एकच भीती पुन्हा पुन्हा दाखवली जाते, आणि प्रेक्षक आपला मोबाइल हातात घेतो. सहा भागांत हेच नेटकं बसलं असतं.

दुसरी, पार्श्वसंगीत. माणूस विहिरीवर पाणी काढत असला तरी मागं काहीतरी घुमतंच. 1972 चा दुष्काळ ज्यांनी बघितला, सुकडी खाल्ली, खडी फोडली, त्यांना भेसूर वाटायला वाद्यांची गरज नव्हती. मोकळं रान पुरेसं होतं.

तिसरी तक्रार जरा जड आहे. या प्रकरणात पारधी समाजातली माणसं होती. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, त्यांत हा समाज. कायदा 1952 मध्ये गेला, शिक्का गेला नाही. गावात चोरी झाली की पहिली उचलाउचल पालावर, हे आमच्या कोर्टात किती वेळा ऐकलं असेल. मालिका याला स्पर्श करते, नाही असं नाही. पण अंधारात मशाली, वेडेवाकडे चेहरे हे सगळं दाखवताना अजून जपायला हवं होतं. सांगितलेली गोष्ट विसरून जाते, चित्र डोक्यात बसतं.

आणि चौथी माझी खास: कागद कमी आहेत. हसू नका. तपासातली खरी गंमत कागदात असते. मेमोरंडम पंचनामा ज्यांना माहीत नाही त्यांनी ऐका. पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण आरोपीनं सांगितल्यावरून हत्यार सापडलं तर सांगितलेलं तेवढंच चालतं. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 27 ते हेच, आता 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्यात कलम 23 मध्ये गेलंय. त्यामुळं खुनाच्या प्रत्येक फाइलीत हा पंचनामा असतोच, आणि गंमत म्हणजे आरोपी शाहूवाडीचा असो की शिरोळचा, शेतमजूर असो की इंजिनिअर, त्यात सगळे एकाच तोंडानं बोलतात: “मी गुन्ह्यात वापरलेले हत्यार लपवून ठेवलेले ठिकाण दाखवतो व काढून देतो, तुम्ही माझेसोबत चला.” मग सरकारी जीप, मग ‘आरोपीने सांगितलेवरून गाडी थांबविली’, मग उसाच्या फडातून कोयता. पुढं दोन-तीन वर्षांनी तो पंच साक्षीला येतो आणि उलटतपासात सांगतो, “मी पानाच्या टपरीवर उभा होतो. हवालदारसाहेबांनी बोलावलं. सही करा म्हणाले, केली.” झालं. कोयता मुद्देमालात पडून, आणि सरकारी वकील छताकडं बघत बसलेले. एखाद्या लेखकानं एवढ्या एका पानावर कादंबरी रचावी असा हा ऐवज, पण आपल्याकडच्या मालिकांना तो दिसत नाही. त्यांना डीएनए रिपोर्ट जाहिरातीच्या आधी हवा असतो. आता तर नव्या कायद्यात झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचं केलंय. पंचांचं नाटक कॅमेऱ्यापुढं कसं होणार, यावर कुणीतरी लिहाच.

‘मानवत’मध्ये तपासाची पायपीट दिसते म्हणून ती बाकीच्यांपेक्षा बरी. पण कागदाचा जीव असलेली मालिका बघायची तर भाच्यानं लावून दिलेली ‘अडोलेसन्स’. नेटफ्लिक्सवर मार्च 2025 मध्ये आली, इंग्लंडची, फक्त चार भाग, आणि प्रत्येक भाग एकाच शॉटमध्ये. तेरा वर्षांच्या पोराला सकाळी घरातून उचलतात, वर्गातल्या मुलीच्या खुनासाठी. कुणी केला हे पहिल्या भागाच्या शेवटीच कळतं. मी बिघडवत नाहीये, तिथं रहस्य तो नाहीच. पहिला भाग जवळपास सगळा पोलीस ठाण्यातला: नोंद, झडती, वकील, बापाला शेजारी बसवणं. ठाणे अंमलदाराचं काम इतकं जवळून मी पडद्यावर कधी बघितलं नव्हतं. तिसऱ्या भागात एक खोली, एक मानसतज्ज्ञ बाई, एक पोरगा, गरम चॉकलेटचा कप आणि अर्धं सँडविच. बास. ती प्रश्न विचारते, तो टाळतो, चिडतो, लाडात येतो, अंगावर धावून जातो. माझी बोटं मांडीवर आपोआप चालायला लागली होती. त्या पोराला, ओवेन कूपरला, वयाच्या पंधराव्या वर्षी एमी मिळालं. मिळायलाच पाहिजे होतं.

या दोन्हींत मला एक सारखं दिसलं. दोघीही ‘कोण’ या प्रश्नात फार अडकत नाहीत. आमच्या लहानपणी बाबुराव अर्नाळकरांचा काळापहाड नि झुंजार घरात लपवून वाचले जायचे, तिथं ‘कोण’ हेच सगळं होतं, आणि तेही मजेचंच होतं. हजाराच्या वर पुस्तकं लिहिलेल्या माणसाला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. पण ते वाचून कुणाला रात्री झोप लागली नाही असं झालं नाही. वाचलं, परत केलं, दुसरं आणलं.

मानवतनं मला झोप लागू दिली नाही, त्याचं कारण कोल्हापूर. लहान लेकरांचे खून म्हटलं की आमच्या गावाला गावित मायलेकींचा खटला आठवतो. 1996 मध्ये अटक, आई तुरुंगातच वारली, 2001 मध्ये इथल्या सत्र न्यायालयानं दोन्ही बहिणींना फाशी सुनावली, आणि दयेच्या अर्जांवर निर्णय व्हायला झालेल्या उशिरापायी 2022 मध्ये हायकोर्टानं ती जन्मठेपेत बदलली. तारखेच्या दिवशी सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या आवारात पाय ठेवायला जागा नसायची. ते काम माझ्याकडं नव्हतं, देवाची कृपा. पण त्या दिवसांत कँटीनमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नसे एवढं आठवतं. त्यावर सिनेमेही निघाले. मी बघितले नाहीत, बघणार नाही. मानवत मी बघू शकले कारण ते लांबचं होतं आणि दिग्दर्शकानं लेकरांच्या बाबतीत कॅमेरा बराच आवरलाय. तरी सांगते, घरात लहान मूल असेल, नुकती बाळंतीण असेल, तर ही मालिका लावू नका. आणि जेवताना तर नकोच.



परत मानवतकडं. ही गोष्ट तपासाची आहे, खटल्याची नाही, आणि मला हवी होती ती खटल्याची. कारण खरी गुंतागुंत पुढं आहे. हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’, 1977. माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यात सामील असून माफीच्या बदल्यात साक्ष देणारा; त्याच्या शब्दावर किती विसंबायचं, त्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार किती लागतो, याची चर्चा त्या निकालात आहे, आणि वकील आजही तो निकाल दाखवतात. ज्या दोघांभोवती मालिका फिरते, ते उत्तमराव आणि रुक्मिणी वरच्या कोर्टात सुटले. इतकं सगळं बघितल्यावर ‘सुटले’ हा शब्द प्रेक्षकाला पचवायला लावणं, हे खरं धाडसाचं काम होतं. साक्षीदार डोळ्यांसमोर उभा, सांगतोय ते बहुधा खरं, आणि तरीही कायद्याच्या तराजूत ते पुरेसं नाही. स्टेनो ते टाइप करते, कागदावर निशाणीचा नंबर टाकते, पुढच्या साक्षीदाराचा पुकारा होतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा कापला तो संगीताचा, बाकीचा लांबीचा. रोज दोन भाग, त्याहून जास्त नको. आवाज थोडा कमी ठेवा.

आणि कुणी खरंच दुसरा सीझन काढून खटला दाखवणार असेल, तर आता कोल्हापुरातच हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश इथं बसून काम चालवतात ते, बसतंय, ऑगस्ट 2025 पासून, तेही त्याच जुन्या इमारतीत. सहा जिल्ह्यांचे वकील, पक्षकार, कारकून सकाळी तिथं चहाला असतात. मुंबईत सेट उभारण्यापेक्षा त्या टपरीवर आठवडाभर बसा. पंच कसे बोलतात ते फुकट ऐकायला मिळेल.