पोरगं नववीत जातंय: शाळेचं फुटबॉल की क्लब सॉकर?

आमच्या घरी हा वाद दोन वर्षांपूर्वी झाला, आता मंडळातल्या दोन-तीन घरांत चालू आहे, म्हणून एकदाच सगळं टाइप करतो. आम्ही डॅलसजवळ राहतो, टेक्सस, त्यामुळे फुटबॉल म्हणजे ते हेल्मेटवालं, आणि सॉकर म्हणजे आपल्याकडचं फुटबॉल. आई अजून व्हिडिओ कॉलवर विचारते, अरे याच्यात पाय कुठं लावतात? मुलगा सहा वर्षं क्लब सॉकर खेळला आणि आठवी संपता संपता म्हणाला, बाबा मला फुटबॉल खेळायचंय.

पैशाचं पटकन सांगतो. क्लब सॉकरला फी, किट, टूर्नामेंटची हॉटेलं धरून वर्षाला काही हजार डॉलर सहज जातात. फुटबॉलला हेल्मेट आणि पॅड शाळा देते, आपण शूज आणि माउथगार्ड घ्यायचं आणि शुक्रवारी रात्री बूस्टर क्लबच्या (टीमसाठी पैसे जमवणाऱ्या पालकांच्या) स्टॉलवर उभं राहून नाचोजवर चीज ओतायचं. मी दोन सीझन ओतलंय. खिशाला स्वस्त, शर्टाला नाही.

नववीत फुटबॉलला बऱ्याच शाळा कुणाला काढत नाहीत, ए टीम बी टीम करून सगळ्यांना घेतात. शाळेच्या सॉकरला मात्र ट्रायआउट, यादीत नाव नसलं की विषय संपला. आमचा तसा लाजाळू, पण ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या आधीच त्याला पन्नास पोरं ओळखत होती, सीनियर पोरं लंचला हाक मारून बसवून घ्यायची. मला विचाराल तर पहिलं दार हेच उघडलं, आणि हेच मोठं.

आता स्कॉलरशिप, ज्यावर सगळ्यांचे डोळे असतात. २०२५ पर्यंत डिव्हिजन १ च्या (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पातळी) सगळ्यात वरच्या गटात फुटबॉल टीमला ८५ स्कॉलरशिप होत्या आणि मुलांच्या सॉकरला अख्ख्या टीममध्ये वाटून ९.९. आता नियम बदललाय, नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांना रोस्टरची, म्हणजे टीममधल्या एकूण खेळाडूंची, मर्यादा फुटबॉलला १०५ आणि मुलांच्या सॉकरला २८ अशी आहे. आकडे बघून फुटबॉलकडे धावू नका, कारण हायस्कूल फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांच्या आसपास आहेत आणि त्यातली शंभरात सातेक कॉलेजात खेळतात, डिव्हिजन १ ला तर त्याहून कितीतरी कमी. सॉकरला आणखी एक गोची म्हणजे परदेशातून आलेली तयार पोरं, स्पर्धा अख्ख्या जगाशी.

आपल्या लोकांना न दिसणारी वाट वेगळी आहे. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन ही डिव्हिजन ३ ची कॉलेजं, खेळावर एक पैसा देत नाहीत, पण फुटबॉल टीम आहे आणि ती सॉकर टीमपेक्षा बरीच मोठी असते. आयव्ही लीगही (हार्वर्ड, येल वगैरे) खेळाची स्कॉलरशिप देत नाही, पण मार्क चांगले असलेल्या पोरासाठी कोचने शब्द टाकला तर अ‍ॅडमिशनला वजन येतं. आणि मार्कांचं म्हणाल तर टेक्ससमध्ये नियमच आहे, विषयात ७० च्या खाली गेलात की मैदानाबाहेर. माझ्या ओरडण्याने जे झालं नाही ते या नियमाने केलं.

आता डोक्याचं. ऑक्टोबरमध्ये प्रॅक्टिसला आमच्याची टक्कर झाली, ट्रेनरने लगेच बाहेर बसवला. कायद्याने डॉक्टरची सही आणि मग टप्प्याटप्प्याने परत, ते सगळं नीट झालं, पण तो आठवडाभर पडदे लावून झोपून होता, अल्जेब्राचं पान बघितलं तरी डोळे मिटायचा. बायको अजून म्हणते, बास कर. हेडरमुळे (डोक्याने बॉल मारताना) सॉकरमध्येही कन्कशन, म्हणजे मार लागून मेंदूला धक्का, होतं, हे खरंय, पण फुटबॉलमध्ये टक्कर हाच खेळ आहे, दोन्ही सारखंच म्हणणाऱ्याचं ऐकू नका. हाच मुद्दा तुमच्या घरात अडत असेल तर फुटबॉल सोडा, बाकीचे फायदे मोजत बसू नका. मुलगी असेल तर फ्लॅग फुटबॉल बघा, त्यात टॅकल म्हणजे धरून पाडणं नाही, कमरेची पट्टी ओढायची, बऱ्याच राज्यांत शाळेत आलंय, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही आहे.

वेळ दोन्हीकडे जातो. फुटबॉलचा ऑगस्ट म्हणजे पहाटे सहाची प्रॅक्टिस, आणि नेमकी तेव्हाच मंडळाची ढोल-ताशाची तालीम. यंदा ताशा दुसऱ्याने वाजवला.

सॉकर सुटतच नसेल तर टेक्ससमध्ये शाळेचं सॉकर फुटबॉल संपल्यावर, जानेवारीत सुरू होतं, दोन्ही जमतं. फक्त वरच्या काही क्लब लीग शाळेकडून खेळू देत नाहीत, ते कोचला डिपॉझिट भरायच्या आधी विचारा. आमचं नंतर विचारलं, पैसे गेले ते गेलेच.