लोड बॅलन्सर निवडण्याआधी सेशन कुठे ठेवायचं ते ठरवा

'एचएप्रॉक्सी घ्यायचा की एन्जिनएक्स?' लोड बॅलन्सर, म्हणजे येणाऱ्या रिक्वेस्ट अनेक सर्व्हरमध्ये वाटून देणारं सॉफ्टवेअर, निवडायची बहुतेक चर्चा इथूनच सुरू होते. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. सर्व्हर पडला तर लॉगिन करून काम करत बसलेल्या माणसाचं काय होणार, हे आधी ठरायला हवं. आणि ते बॅलन्सरवर कमी, सेशन (त्याचं लॉगिन आणि चालू काम यांची तात्पुरती नोंद) कुठे ठेवलंय यावर जास्त अवलंबून असतं.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे स्टिकी सेशन: एका माणसाची प्रत्येक रिक्वेस्ट त्याच सर्व्हरकडे पाठवायची. टॉमकॅट या जावा सर्व्हरमध्ये प्रत्येक नोडला (समूहातल्या एकेका सर्व्हरला) जेव्हीएमरूटचं नाव दिलं की ते सेशन आयडीच्या शेवटी जोडलं जातं, आणि बॅलन्सर ते वाचून रिक्वेस्ट त्याच नोडकडे धाडतो. कोडला हात लावावा लागत नाही. मात्र नोड गेला की त्यावरची सेशन गेली. फक्त रिपोर्ट बघायच्या अ‍ॅप्लिकेशनला हे खपून जातं, लांबलचक अर्ज भरून घेणाऱ्याला नाही.

दुसरा मार्ग रेप्लिकेशनचा, म्हणजे सेशनच्या प्रती इतर नोडवरही ठेवण्याचा. टॉमकॅटचा डेल्टामॅनेजर सेशनमधला प्रत्येक बदल क्लस्टरमधल्या सगळ्या नोडना कळवतो. दोन नोडना ठीक, पण नोड वाढले की प्रत्येकाच्या मेमरीत सगळ्यांची सेशन साठतात आणि नेटवर्कवर त्यांचीच वर्दळ होते. बॅकअपमॅनेजर प्रत एकाच नोडवर ठेवतो. वेबलॉजिक या दुसऱ्या जावा सर्व्हरची प्रायमरी-सेकंडरी पद्धतही याच जातीची. दोन्हींत सेशनमधली प्रत्येक वस्तू सीरियलाइझ होणारी (नेटवर्कवरून पाठवता येईल अशा बाइटमध्ये बदलता येणारी) हवी, आणि जुन्या कोडमध्ये घोडं नेमकं इथेच अडतं: कुणीतरी सेशनमध्ये अख्खी शोधयादी कोंबलेली असते, कुणी डेटाबेस कनेक्शन. शिवाय रेप्लिकेशन केलं म्हणून स्टिकी काढून टाकू नका. टॉमकॅट मूळ सेटिंगनुसार प्रती असिंक्रोनस, म्हणजे पोहोचल्याची वाट न बघता, पाठवतो, त्यामुळे पुढची रिक्वेस्ट दुसऱ्या नोडवर गेली तर तिला शिळा डेटा मिळू शकतो.

तिसरा मार्ग म्हणजे सेशन बाहेर, रेडिससारख्या (मेमरीत डेटा ठेवणाऱ्या वेगळ्या सर्व्हरसारख्या) ठिकाणी ठेवणं. मग कुठलाही नोड कुठलीही रिक्वेस्ट हाताळतो, नवी आवृत्ती एकेका नोडवर चढवताना कुणाला लॉगआउट व्हावं लागत नाही. त्याची किंमत म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टमागे नेटवर्कची एक फेरी, आणि रेडिस पडला तर सगळंच बंद. म्हणून त्यालाही प्रतिकृती हवी, आणि मुख्य रेडिस पडल्यावर प्रतिकृतीला पुढे करणारा सेंटिनेल वापरायचा तर किमान ३ सेंटिनेल. दोन-तीन नोडसाठी एवढा पसारा मी मांडणार नाही, बॅकअपमॅनेजर पुरे. नोड गरजेप्रमाणे वाढत-घटत असतील तर मात्र तिसऱ्या मार्गाला पर्याय नाही.

आता बॅलन्सर. एचएप्रॉक्सीच्या फुकट आवृत्तीत हेल्थ चेक (नोड धड आहे का याची तपासणी) सक्रिय असतो: चेक लावला की मूळ सेटिंगनुसार दर २ सेकंदांनी विचारणा, सलग ३ वेळा नकार आला की नोड बाहेर. एन्जिनएक्सची खुली आवृत्ती स्वतःहून विचारत नाही. खऱ्या वापरकर्त्याची रिक्वेस्ट फसली की तिला कळतं, मग ती त्या नोडला १० सेकंद बाजूला ठेवते. फसलेली रिक्वेस्ट ती पुढच्या नोडकडे देते खरी, पण एकदा पाठवलेली पोस्ट रिक्वेस्ट (भरलेला फॉर्म पाठवणारी) मूळ सेटिंगनुसार पुन्हा पाठवत नाही, आणि ते योग्यच आहे. पत्त्यावरून नोड ठरवणाऱ्या तिच्या आयपी-हॅशचीही एक गंमत: आयपीव्ही४ पत्त्याच्या चार भागांपैकी पहिले तीनच ती धरते, म्हणजे एकाच ऑफिसातले सगळे लोक एकाच नोडवर जाऊन आदळतात. एंटरप्राइझ अ‍ॅप्लिकेशनसाठी मी एचएप्रॉक्सीच घेईन. वाइल्डफ्लाय हा जावा सर्व्हर वापरणाऱ्यांनी मॉड-क्लस्टर हा बॅलन्सर जरूर बघावा. त्यात नोड स्वतः बॅलन्सरकडे नोंद करतात आणि आपला लोड कळवत राहतात.

हेल्थ चेक काय तपासतो याकडे फार कमी लोक लक्ष देतात. फक्त पोर्ट उघडं आहे का बघितलं, तर थ्रेड संपून गोठलेला जेव्हीएमही (अ‍ॅप्लिकेशन चालवणारी जावाची प्रक्रिया) ठणठणीत दिसतो. उलट चेकच्या पानात डेटाबेसची क्वेरी घातली, तर डेटाबेस जरासा मंदावताच सगळे नोड एकदम 'आजारी' ठरतात आणि हळू चालणारी साइट पूर्ण बंद पडते. अ‍ॅप्लिकेशनमधून जाणारं, पण सामाईक गोष्टींना न शिवणारं हलकं पान ठेवावं.

बॅलन्सर एकच ठेवला तर धोका फक्त एक पायरी पुढे सरकला. दोन मशीनवर कीपअलाइव्हडी (एक पडलं की दुसऱ्याला पुढे करणारा प्रोग्राम) आणि त्यांच्यात फिरता आयपी, म्हणजे चालू मशीनकडे जाणारा सामाईक पत्ता, ही रूढ जोडी. मुख्य मशीन दर सेकंदाला खूण देतं, ती थांबली की ३ सेकंदांहून थोड्या जास्त वेळात दुसरं ताबा घेतं. ही खूण मूळ सेटिंगनुसार मल्टिकास्टने (एकाच वेळी अनेक मशीनना) जाते, आणि क्लाउडवर मल्टिकास्ट बहुधा चालत नाही, तिथे त्यांचाच बॅलन्सर घेतलेला बरा.

आणि खरेदीआधी एक हिशेब. दोन नोड प्रत्येकी ७० टक्क्यांवर चालत असतील, तर एक पडल्यावर दुसऱ्यावर १४० टक्के येतात आणि तोही झोपतो. दोनच नोड असतील तर प्रत्येकाला ५० टक्क्यांच्या खाली ठेवा. तीन असतील तर ६६ पर्यंत जाता येतं.