द लास्ट ऑफ द मोहिकन्स (१९९२): कोरड्या दारूवर टिकलेली प्रेमकथा

ठासणीच्या बंदुकीत बार भरायचा तर काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, चिमूटभर दारू रंजक म्हणून, म्हणजे ठिणगीने आधी पेटावी म्हणून, नळीच्या बाजूच्या छिद्रापाशी (कानावर) घालायची, बाकीची नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची, मग चाप ओढायचा. सराईत शिपाई मिनिटाला तीन बार काढतो. लांब रायफलीला जास्त वेळ लागतो, कारण नळीला आटे असतात आणि गोळी चिंधीत गुंडाळून घट्ट बसवावी लागते. दिग्दर्शक मायकेल मान यांनी हे नीट ओळखलंय. जंगलातल्या पहिल्याच हल्ल्यात एक फैर झडते, धूर पसरतो आणि दुसरा बार भरून होण्याआधी कुऱ्हाडी अंगावर येतात.

काळ १७५७ चा, जागा न्यूयॉर्क प्रांतातला इंग्रजांचा किल्ला फोर्ट विल्यम हेन्री. (त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याकडे प्लासी झाली, इंग्रज-फ्रेंचांचं तेच भांडण.) ऑगस्टमध्ये मोंकामच्या फ्रेंच फौजेने किल्ल्याला मोर्चे लावले. कुमक २५ किलोमीटरवरच्या फोर्ट एडवर्डला होती, पण आली नाही. वेढ्याचे प्रसंग सिनेमात अप्रतिम आहेत: रात्री पुढे सरकणारे खंदक, उखळी तोफांचा उजेड, आणि निरोप्या निसटावा म्हणून तटावरून रायफलीने एकेक माणूस टिपणारा नायक नॅथनिएल.

डॅनियल डे-लुईसचा नॅथनिएल आणि मॅडलिन स्टोची कोरा (किल्लेदार कर्नल मन्रोची मुलगी) यांच्यात बोलणं थोडंच आहे. धबधब्यामागच्या गुहेत शत्रू पोचतो तेव्हा कोरडी दारू उरलेली नसते. थांबलं तर सगळेच मरणार, म्हणून त्याने तिला मागे सोडून उडी मारायची. ती स्वतःच त्याला जायला सांगते. ही ताटातूट ओढूनताणून आणलेली वाटत नाही, कारण बंदूक कुठे अडते हे आपण तोवर पाहिलेलं असतं.

म्हणूनच कत्तलीच्या प्रसंगातली चूक जास्त खटकते. किल्ला शरण गेला तेव्हाच्या तहानुसार इंग्रजांना बंदुका नेता येणार होत्या, दारूगोळा नाही. फ्रेंचांच्या मूलनिवासी दोस्तांना लुटीची आणि कैद्यांची आशा होती. तहाने ती तोडली, म्हणून ते बाहेर पडणाऱ्यांवर तुटून पडले. सिनेमात मात्र सैनिक रांगा धरून फैरी झाडतात आणि सगळं फ्रेंचांच्या बाजूच्या मागुआ या मूलनिवासी योद्ध्याच्या सूडावर येऊन ठेपतं. कर्नल मन्रोही त्या दिवशी मेला नव्हता, नोव्हेंबरमध्ये ऑल्बनीत मेला. त्याच्या मुली तर सिनेमाच्या मूळ कादंबरीतल्या. तरीही वेस स्टुडीने मागुआ असा उभा केलाय की त्याच्या जळालेल्या गावाचं दुःख आपल्यालाही चटका लावतं. शीर्षकातलं ‘शेवटचा’ मात्र खोटं आहे. मोहिकन लोक आजही विस्कॉन्सिनमध्ये आहेत.

तीन आवृत्त्या मिळतात: ११२, ११७ आणि ११४ मिनिटांची. पहिल्यांदा बघताना ११२ मिनिटांची, चित्रपटगृहात लागलेली घ्या, ती सर्वांत आटोपशीर आहे. मोबाइलवर बघू नका. या सिनेमाला एकच ऑस्कर मिळालं, तेही ध्वनीसाठी. शेवटी कड्यावरच्या पाठलागात जवळपास संवादच नाहीत, व्हायोलिनची एकच धून फिरत राहते. कोराची बहीण ॲलिस कड्याच्या टोकाशी उभी आहे, मागुआ सुरी खाली करून तिला हाताने परत बोलावतो, आणि ती मागे वळून दरीकडे बघते.