रायझन ५ ५६००जी: ग्राफिक्स कार्ड न घेता डेस्कटॉप जुळवणाऱ्यांसाठी

बजेटमध्ये डेस्कटॉप जुळवायला निघालात तर आधी एक गोष्ट ठरवा: वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कधी. हे ठरेपर्यंत दुकानदाराकडे कोटेशन मागू नका, कारण प्रोसेसरपासून एसएमपीएसपर्यंत (मशीनला वीज पुरवणारा डबा) सगळं या उत्तरावर अवलंबून आहे. निदान वर्ष-दीड वर्ष कार्ड घेणार नसाल, तर एएमडीचा रायझन ५ ५६००जी आजही पैसे वसूल करून देतो. दिवाळीचा बोनस आला की कार्ड घ्यायचंच, असं ठरलं असेल तर मात्र हा घेऊ नका. त्याची कारणं पुढे येतीलच.

हा प्रोसेसर ऑगस्ट २०२१ मध्ये दुकानांत आला. सहा कोअर (काम करणारे भाग), बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), ३.९ गिगाहर्ट्‌झ मूळ वेग, ४.४ पर्यंत बूस्ट (गरजेपुरता वाढणारा वेग), ६५ वॉट टीडीपी (कूलरने किती उष्णता हटवायला हवी त्याचा ठरलेला आकडा) आणि आतच बसवलेलं सात कोअरचं व्हेगा ग्राफिक्स. सोबत रेथ स्टेल्थ कूलर येतो, त्यामुळे त्याचा वेगळा खर्च नाही. टॅली, एक्सेलच्या जड फाइली, कोरलड्रॉ आणि इनडिझाइनमधलं मराठी डीटीपी, कोडिंग, ऑनलाइन वर्ग, फुल एचडी व्हिडिओचं साधं एडिटिंग ही सगळी कामं तो न अडखळता करतो. गेममध्ये व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, जीटीए ५ हे फुल एचडीवर सेटिंग उतरवून नीट चालतात. गेल्या दोन-तीन वर्षांतले मोठे गेम मात्र ७२०पी आणि सर्वांत खालच्या सेटिंगवरही धापा टाकतात. तेच खेळायचे असतील तर कार्डाला पर्याय नाही.

आता कार्ड लवकर घेणाऱ्यांनी हा का टाळावा ते पाहू. आतल्या ग्राफिक्ससाठी जागा करताना एएमडीने दोन ठिकाणी काटछाट केली आहे. एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) १६ एमबी आहे, ग्राफिक्स नसलेल्या साध्या ५६०० मध्ये ती ३२ एमबी आहे. आणि पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि एसएसडी प्रोसेसरला जोडणारा मार्ग) तिसऱ्या पिढीचं आहे, ५६०० मध्ये चौथ्या. चांगलं कार्ड लावल्यावर गेममध्ये ५६०० पुढे राहतो तो यामुळेच. स्वस्त कार्डांच्या बाबतीत फटका जास्त बसतो. आरएक्स ६५०० एक्सटी किंवा आरएक्स ६४०० ही कार्डं त्या मार्गाच्या फक्त चार लेन वापरतात. चौथ्या पिढीच्या चार लेन निभावून नेतात, पण ५६००जीवर त्यांना तिसऱ्या पिढीच्या चार लेन मिळतात, म्हणजे निम्मी बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता). कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की फ्रेम (सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रं) एकदम कोसळतात. नंतर कधी कार्ड घ्यावंसं वाटलंच तर आठ लेनचं घ्या. आरएक्स ६६०० या प्रोसेसरला चांगलं जुळतं. जीटी ७१० आणि जीटी ७३० तर दुकानदाराने फुकट दिलं तरी नको. प्रोसेसरमधलं व्हेगा त्यांच्यापेक्षा बरंच पुढे आहे.

नावांचा घोळ इथे फार होतो, म्हणून बिल होण्याआधी खोक्यावरचं शेवटचं अक्षर वाचा. ५५०० आणि ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. कार्ड नसताना ते बसवले तर पंखे फिरतील, दिवे लागतील, पण डिस्प्ले येणार नाही, आणि मग मदरबोर्ड खराब निघाला म्हणून आरडाओरडा होतो. ५६००जीटी हा जानेवारी २०२४ मध्ये आलेला याचाच भाऊ. बूस्ट ४.६ गिगाहर्ट्‌झ, बाकी जवळजवळ सगळं सारखंच. दोघांत जो स्वस्त मिळेल तो घ्या. ४६००जी आधीच्या, झेन २ पिढीचा आहे आणि त्याची कॅश अवघी ८ एमबी. भावात मोठा फरक असेल तरच तो विचारात घ्या. आणखी एक गोष्ट: खोक्यावरचा क्रमांक १००-१०००००२५२ या आकड्यांनी सुरू होतो. शेवटी बॉक्स असेल तर एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी मिळते. शेवटी एमपीके असेल किंवा खोक्याविना ट्रेमधला प्रोसेसर असेल तर माल असेंबलरांसाठीचा असतो. तो स्वस्त पडतो, पण वॉरंटी कोण आणि किती दिवस देणार हे बिलावर लिहून घ्या.

या मशीनमध्ये सर्वांत जास्त लक्ष रॅमकडे द्यायला हवं. व्हेगाला स्वतःची मेमरी नाही, ते तुमच्या रॅममधूनच हिस्सा घेतं. डीडीआर४-३२०० ची एकच पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा पुरवते, दोन पट्ट्या ड्युअल चॅनेलमध्ये (दोन्ही एकाच वेळी वापरून) ५१.२ जीबी. कोटेशनमध्ये १६ जीबीची एक पट्टी लिहिलेली असेल तर ती खोडून ८ जीबीच्या दोन लिहायला सांगा. 'नंतर वाढवायला स्लॉट मोकळा राहील' हे दुकानदाराचं म्हणणं कार्डवाल्या मशीनसाठी ठीक आहे. इथे एका पट्टीने गेममधले फ्रेम एक तृतीयांशाने कमी होऊ शकतात. ८ जीबीची एकच पट्टी तर घेऊच नका: ग्राफिक्सचा वाटा गेल्यावर विंडोज ११ आणि क्रोमची दहा टॅब एवढ्यातच ती संपते.

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. पैसे वाचवायला सहज रॅमच कापली जाते, पण कात्री दुसरीकडे लावा. कॅबिनेट साधं घ्या, आरजीबी दिवे सोडा, मदरबोर्ड स्वस्तातला ए५२० घ्या. पट्ट्या मात्र दोनच, एकाच किटमधल्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन पट्ट्या बहुतेक वेळा चालतात, पण ३२०० वर अडखळल्या तर विंडोज मध्येच निळा पडदा दाखवतं आणि दोष कोणाचा हे शोधण्यात आठवडे जातात. पट्टी ३२०० ची असली तरी बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केल्याशिवाय ती अनेकदा २१३३, २४०० किंवा २६६६ वरच धावते. काही बोर्डांवर याला डीओसीपी म्हणतात. असेंबल करून देणारे हे हमखास विसरतात. चार स्लॉटच्या बोर्डावर पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात. शेजारी-शेजारी लावल्या तर मशीन सुरू होईल, पण ड्युअल चॅनेल मिळणार नाही.

बोर्डासाठी ए५२० पुरे. बी५५० चं मुख्य आकर्षण म्हणजे चौथ्या पिढीचं पीसीआय एक्सप्रेस, आणि ते या प्रोसेसरला वापरताच येत नाही, मग त्याचे पैसे कशाला? ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, पण रॅम ३२०० वर चालते, आणि गरज तेवढीच आहे. बोर्ड निवडताना मागच्या बाजूचे पोर्ट बघा: एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट दोन्ही असतील तर पुढे दुसरा मॉनिटर लावणं सोपं जातं. काही जुन्या बी४५० बोर्डांवर एचडीएमआय १.४ आहे, त्यावर ४के चित्र ३० हर्ट्‌झवरच मिळतं आणि माउस ओढल्यासारखा हलतो. गोदामात पडून राहिलेला बी४५० बोर्ड असेल तर बायोसही जुना असू शकतो. मग ५६००जी ओळखलाच जात नाही. बायोस अपडेट करून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. स्वस्त ए५२० बोर्डांत वाय-फाय बहुधा नसतं. राउटर जवळ असेल तर लॅनची वायर उत्तम.

एसएमपीएसच्या बाबतीत तडजोड नको. कॅबिनेटसोबत येणारा किंवा पाच-सातशे रुपयांना मिळणारा '४५० वॉट'चा डबा बाजूचा स्टिकर वाचून तपासा. बारा व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि बाराने गुणा. १४ अँपिअर असतील तर १६८ वॉट झाले. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही बारा व्होल्टवर चालतात, त्यामुळे खरी ताकद तेवढीच. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर ३५ अँपिअरच्या वर आकडा दिसतो. ५६००जी पूर्ण ताकदीने चालतानाही ८८ वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे अख्ख्या मशीनला दीडशे वॉट पुरतात. मग ४५० कशाला? नंतर आरएक्स ६६०० सारखं कार्ड लावता यावं म्हणून, आणि एसएमपीएस निम्म्या ताकदीवर शांत आणि थंड चालतो म्हणून. ८० प्लस हे वीज किती वाया जाते याचं प्रमाणपत्र आहे. त्यावरून आतले कपॅसिटर किती टिकतील हे कळत नाही. तेव्हा वॉरंटीची वर्षं पाहा, पाच असतील तर उत्तम.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखा झटका बसतो, ही तक्रार आपल्याकडे नेहमीची आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर गळती करंट अर्थिंगमध्ये सोडतात. भिंतीवरच्या सॉकेटला अर्थिंग नसेल, किंवा तिसरी पिन नसलेला एक्स्टेंशन बोर्ड वापरला असेल, तर तो करंट पत्र्यावर राहतो. एसएमपीएस बदलून हे जात नाही. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घ्या. लाइट वारंवार जात असेल तर ६०० व्हीएचा यूपीएस फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता पुरेसा आहे.

एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई (पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी) घ्या, तिसऱ्या पिढीची चालेल. २५६ जीबी विंडोज, दोन-तीन मोठी सॉफ्टवेअर आणि अपडेट यांतच भरत येते आणि भरलेली एसएसडी मंदावते. एम.२ आकाराची प्रत्येक पट्टी एनव्हीएमई नसते. साटावाली (जुन्या, संथ जोडणीची) एम.२ दिसायला तशीच असते आणि वेग पाच-सहा पट कमी. टीएलसी आणि क्यूएलसी हे आतल्या मेमरीचे प्रकार. दोघांचे भाव सारखे असतील तर टीएलसी घ्या, ती जास्त टिकते.

कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची हवी आणि मागे एक पंखा हवा, एवढं पुरे. पुढे सपाट काच असलेल्या कॅबिनेटमध्ये विदर्भातल्या मे महिन्यात स्टेल्थ कूलर गरम हवाच फिरवत राहतो. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे. उन्हाळ्यात कामाच्या भरात ८० च्या पुढे गेला तर घाबरायचं कारण नाही, पण ९० च्या वर टिकून राहिला तर कूलर नीट बसलेला नाही किंवा जाळीत धूळ साचली आहे.

स्पर्धकांमध्ये इंटेलचा कोअर आय३-१२१०० पहिला. चार कोअर, आठ थ्रेड, एका कोअरचं काम थोडं चपळ, आणि यूट्यूबवरचे एव्ही१ (व्हिडिओ साठवायची नवी पद्धत) व्हिडिओ तो हार्डवेअरवर चालवतो. ५६००जीचं व्हेगा ते करू शकत नाही, तिथे कोअरना राबावं लागतं. फक्त ऑफिसकाम असेल तर आय३ बरोबर निवड आहे. मात्र नावापुढे एफ असलेला नको, त्यात ग्राफिक्स नसतं. गेम आणि एडिटिंग असेल तर ५६००जी. खिशात आणखी वाव असेल तर रायझन ५ ८६००जी ग्राफिक्समध्ये खूपच पुढे आहे, पण त्याला नव्या एएम५ सॉकेटचा बोर्ड आणि डीडीआर५ रॅम लागते, आणि सध्याच्या रॅमच्या भावात तो फरक मोठा होतो. ऑनलाइन दिसणाऱ्या 'आय७, १६ जीबी, नवा कोरा' अशा स्वस्त मशीनपासून दूर राहा. आत दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आणि एच६१ बोर्ड असतो. विंडोज ११ अधिकृतपणे त्यावर चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर निदान तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या, प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल नाव आणि जीएसटी धरून भाव. 'रॅम १६ जीबी' एवढंच लिहिलेलं कोटेशन निरुपयोगी. पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर हवा. कच्च्या पावतीवर थोडे पैसे वाचतात, पण वॉरंटीच्या वेळी तेच अंगाशी येतं.

घरी स्वतः जुळवणार असाल तर या प्रोसेसरच्या पिना खालच्या बाजूला आहेत हे ध्यानात ठेवा. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून वरून नुसता सोडा, दाबू नका. स्टेल्थ कूलरसाठी बोर्डावरच्या दोन प्लॅस्टिक पट्ट्या आधी काढाव्या लागतात. त्यांचे स्क्रू काढताना मागची धातूची प्लेट हाताने धरा, नाहीतर ती खाली पडते. कूलरला पेस्ट लावलेली असते, वेगळी लावू नका. चारही स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळा. पुढे कधी कूलर काढायचा झाला तर आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा आणि कूलर हलकेच फिरवून सोडवा. थंड असताना सरळ ओढला तर प्रोसेसरही त्याला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात.

मशीन सुरू झाल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी चालू करा. गेम खेळणार असाल तर यूएमए फ्रेम बफर (व्हेगासाठी राखून ठेवायची रॅम) २ जीबी ठेवा, नाहीतर ऑटो. विंडोज टाकल्यावर सीपीयू-झेड हे मशीनची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा: मेमरीच्या पानावर चॅनेल ड्युअल (नव्या आवृत्तीत '2 x 64-bit') आणि वेग १६०० च्या जवळ दिसायला हवा, डीडीआरमध्ये तो दुप्पट म्हणजे ३२०० होतो. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एसएसडीचे 'पॉवर ऑन अवर्स' बघा. नव्या एसएसडीवर ते एक-दोन आकडीच असतात. शेकड्यांत दिसले तर माल वापरलेला आहे, बिल घेऊन त्याच दिवशी दुकानात परत न्या.