एकाच नावाचे तीन जण: एकाच्या मागे जायचं की सगळ्यांची हजेरी घ्यायची?

इंग्लंडमधलं घराणं शोधताना आडनाव दुर्मिळ असेल तर हा लेख वाचायची गरज नाही. टेलर, वुड, क्लार्क असलं काही असेल, आणि त्यात नाव जॉन किंवा विल्यम, तर मात्र एका वळणावर ठरवावं लागतं. आपल्या माणसाचा धागा धरून एकेक पिढी वर चढत जायचं, की त्या पॅरिशमधल्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, त्या नावाच्या झाडून सगळ्यांचा तक्ता मांडायचा? मी दोन्ही केलंय. आधी वर चढलो आणि नंतर तक्त्याकडे आलो.

माझे सासरे उत्तर इंग्लंडमधल्या लँकशरचे. त्यांच्या घराण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं ते त्यांच्या एका समजुतीमुळे: "तुमच्याकडे सगळ्यांना सात पिढ्या पाठ असतात ना?" नसतात हो. पण त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या असतात आणि प्रत्येकाच्या नावामागे बापाचं नाव असतं. इंग्लंडमध्ये ती सोयच नाही. त्यांच्या पूर्वजाला इथे जॉन टेलर म्हणू, खरं नाव राहू दे.

वर चढण्याची पद्धत 1837 नंतरच्या काळात चांगली चालते हे आधी कबूल करतो. त्या वर्षी 1 जुलैपासून सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी सुरू झाली, आणि विवाहाच्या दाखल्यावर दोघांच्याही बापांची नावं आणि धंदे असतात. जन्मनोंदींच्या सरकारी ऑनलाइन सूचीत आता पहिल्या वर्षापासून आईचं माहेरचं आडनाव दिसतं, त्यामुळे दोन जॉन टेलर बहुतेक वेळा तिथेच वेगळे होतात. लंडनसारख्या ठिकाणी तर दुसरा पर्यायच नाही. तिथे सगळ्या टेलरांचा तक्ता मांडायला घ्याल तर जन्म पुरायचा नाही.

अडचण 1837 च्या अलीकडे नाही, पलीकडे आहे, जिथे चर्चच्या रजिस्टरांवरच भिस्त असते. 1841 च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायची सूचना होती. आमचा जॉन तिथे 40 म्हणून बसलाय, म्हणजे 40 ते 44 मधला कुठलाही. 1851 मध्ये नेमकं वय येतं, 52, आणि जन्माचा पॅरिशही. धंदा विणकर. पण त्या भागात विणकर असणं म्हणजे कोकणात आंब्याचं झाड असणं, त्यावरून घर सापडत नाही. त्या पॅरिशच्या रजिस्टरात बरोबर बसणारा एक बाप्तिस्मा मिळाला, 1798 चा, बापाचं नाव जेम्स. ज्या साइटवर पैसे भरून बसलो होतो तिनेही तोच सुचवला, आणि आणखी अकरा लोकांच्या वंशावळींतही तोच होता. मग काय, जेम्सच्या मागे चार पिढ्या चढून गेलो. सासऱ्यांनी ती वंशावळ छापून जिन्यात लावली.

दोन वर्षांनी दुसऱ्याच कुणाची तरी नोंद शोधताना दफनाच्या पानावर एक ओळ दिसली: जेम्स टेलरचा मुलगा जॉन, 1799. ज्याच्या खांद्यावर मी चार पिढ्या चढवल्या होत्या ते बाळ वर्षाच्या आतच गेलं होतं. ओळ सापडायला अवघड नव्हती. मी ती शोधलीच नव्हती, कारण एकाचा धागा धरून वर जाणारा माणूस बाप्तिस्मा आणि लग्न बघतो, दफन बघत नाही. आपला पूर्वज जगला होता हे त्याला माहीत असतं, पण या नोंदीतलं बाळ जगलं का हे तो विचारत नाही. शिवाय मुलगा गेला की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची पद्धत होती. जेम्सनेही 1801 मध्ये पुन्हा जॉन ठेवला. त्याचं वय आमच्या जॉनशी जुळत नाही, पण जुळलं असतं तर मी आनंदाने तोही उचलला असता.

माझा कल बदलला तो या एका गोष्टीने. तक्त्यात दफनाचा रकाना असतो आणि तो रिकामा डोळ्यांत खुपतो.

तक्ता म्हणजे काही थोर शास्त्र नाही. मी कागदांच्या मागच्या बाजू चिकटवून जेवणाच्या टेबलाएवढा कागद केला. 1797 ते 1800 मधले सगळे जॉन टेलर डावीकडे, पुढे प्रत्येकाचं लग्न, बायको, मुलांचे बाप्तिस्मे, वस्ती, दफन. 1813 पासून बाप्तिस्म्याचे छापील फॉर्म आले, त्यात वस्ती आणि बापाचा धंदा असतो, म्हणून मुलांच्या नोंदींवरून बाप वेगळे काढता येतात. लँकशरच्या बऱ्याच पॅरिशांच्या नोंदी स्वयंसेवकांनी उतरवून फुकट ठेवल्यात, तो मोठा आधार. माझ्या चार महिन्यांच्या संध्याकाळी यात गेल्या, आणि बायको जेवण स्वयंपाकघरात उभ्याने घेत होती.

जेम्सचं बाळ वजा केल्यावर दोन उरले: रॉबर्टचा जॉन आणि थॉमसचा जॉन. लग्नंही दोन, 1821 आणि 1823. हार्डविक यांच्या कायद्याने 1754 पासून विवाहाच्या नोंदीवर वधूवरांच्या सह्या लागतात. 1823 च्या पानावर ठसठशीत सही, टी च्या आडव्या रेघेला शेपटी काढलेली. 1821 च्या पानावर फुली, आणि तिच्या भोवती कारकुनाने लिहिलेलं की ही जॉन टेलरची निशाणी. आपल्या जुन्या कागदांत पाटलाच्या नावापुढे निशाणी नांगर असते, तशी ही. मग 1845 मध्ये आमच्या जॉनच्या मुलीचं लग्न, साक्षीदार बाप, आणि तिथेही फुलीच. फुलीवरून माणूस ओळखता येत नाही. पण एकदा झोकात सही केलेला माणूस बावीस वर्षांनी सहसा फुली मारत नाही. म्हणजे आमचा तो 1821 चा. सही करणारा 1841 मध्ये शेजारच्या वस्तीत, वेगळ्या बायकोबरोबर सापडला, आणि त्याला शेत ठेवणारं रॉबर्टचं मृत्युपत्रही. म्हणून आमचा थॉमसचा.

कोर्टात टिकेल असा हा पुरावा आहे असं म्हणणार नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरच्या एखाद्या चॅपलमध्ये बाप्तिस्मा झालेला चौथा जॉन असू शकतो. ती रजिस्टरं वेगळी असतात आणि तक्त्यात ती विसरली की तक्ताही तितकाच छान फसवतो. यॉर्कशरच्या काही पॅरिशांत मात्र 1770 च्या दशकापासून 1812 पर्यंत विल्यम डेड यांच्या नमुन्याची रजिस्टरं आहेत, त्यांत बाळाच्या आजीआजोबांचीसुद्धा नावं. तुमचं घराणं तिथलं निघालं तर खुशाल सरळ वर चढा आणि माझा हेवा स्वीकारा.

आणखी एक. रजिस्टरात जॉन टेलर थोरला, जॉन टेलर धाकटा असं दिसलं की बापलेक समजू नका. एकाच गावातले नात्यागोत्याचे नसलेले दोघेही तसे लिहिलेले असतात.

छोटा पॅरिश, सामान्य नाव आणि 1837 च्या आधीचा काळ असेल तर मी तक्ताच मांडेन. तुमच्याकडे माझ्यापेक्षा कमी वेळ असेल, तर निदान ज्याला पूर्वज म्हणताय त्याच्या बाप्तिस्म्यानंतरच्या दहा वर्षांची दफनं तरी चाळा.

जिन्यातली वंशावळ सासऱ्यांनी उतरवली नाही, जेम्सच्या वर पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढलंय. थॉमसचा बाप कोण ते बघायला आता पुन्हा रजिस्टर उघडलंय. त्या काळात तिथे थॉमस टेलर सहा आहेत. बायकोने टेबल द्यायला नकार दिलाय.