अंब्रेला पाम की पपायरस? कुंडीसाठी कोणतं घ्यावं

नर्सरीत ही दोन झाडं बहुतेक वेळा शेजारीशेजारीच ठेवलेली दिसतात. एकाच्या दांड्याच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी पसरलेली हिरवी पाती, तर दुसऱ्याच्या टोकाला बारीक तंतूंचा मोठा झुबका. दोन्ही लव्हाळ्याच्या कुळातली आणि सायपरस याच प्रजातीतली. बहुतेकांचं मन पपायरसवर जातं आणि त्यात नवल नाही, कारण रुबाब त्याचाच आहे. पण नुसतं दिसण्यावर निवडू नका. आपल्याकडे ऊन किती, वारा किती आणि एप्रिल-मेमध्ये रोज पाणी बघायला घरात कोणी असणार का, हे आधी ठरवा.

पपायरस आफ्रिकेतल्या दलदलीचं झाड आहे. नाईलकाठी ते मुबलक वाढायचं, आणि प्राचीन इजिप्तमध्ये त्याच्या दांड्यातल्या गराच्या पट्ट्या आडव्या-उभ्या रचून, दाबून लिहायचे कागद करत. मोकळ्या दलदलीत ते 4 ते 5 मीटर जातं. मोठ्या टबातही पुरुषभर उंची सहज गाठतं. त्याला दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन हवं. सावलीत दांडे लांबट आणि लेचेपेचे होतात, मग झुबक्याच्या भाराने वाकतात. उंच मजल्यावरच्या गॅलरीत वळवाचं वारं सुटलं की ते मधूनच मोडतात, आणि मोडलेला दांडा पुन्हा उभा राहत नाही. बंगल्याच्या अंगणात, भिंतीच्या आडोशाला जागा असेल तर जरूर घ्या. सातव्या मजल्यावर नको.

अंब्रेला पाम (नर्सरीत याच नावाने मागा, पामशी त्याचं नातं काही नाही) तीन-चार फुटांवर थांबतं. सकाळचं कोवळं ऊन मिळालं तरी ते खूश असतं. खिडकीजवळच्या उजेडातही निभावतं, फक्त जरा विरळ होतं.

खरा फरक पाण्यात आहे. पपायरसची मुळं कायम पाण्यात हवीत, म्हणजे बिनछिद्राचा टब किंवा टबात ठेवलेली कुंडी. माती जड घ्या. आपली काळी माती इथे उत्तम. कोकोपीट मिसळू नका, ते पाण्यावर तरंगतं आणि टब गढूळ होतो. शेणखत तळाशी, मातीच्या थराखाली घाला, वर पसरलं तर पाण्यात शेवाळ माजतं.

आणि डासांचं काय? आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला सगळे सांगतात, पण हा टब रिकामा करता येत नाही. त्याला सोपा मार्ग असा: मातीवर बारीक खडीचा चार बोटं जाड थर द्या आणि पाण्याची पातळी त्या खडीच्या आतच ठेवा. वर उघडं पाणीच नसलं की डासाला अंडी घालायला जागा राहत नाही. खडी हाताने जरा बाजूला सारली की पाणी किती खाली गेलंय तेही कळतं. उघडं पाणी ठेवायचंच असेल तर गप्पी मासे सोडा.

अंब्रेला पामला हा सगळा व्याप लागत नाही. साध्या कुंडीखाली खोल ताटली आणि तिच्यात पाणी, एवढ्यावर भागतं. चार दिवस गावाला गेलात तर टोकं तपकिरी पडतील, फार तर दांडे पिवळे होतील. ते अर्ध्यावर छाटू नका, छाटलेला दांडा वाढत नाही. थेट बुडातून कापा. गड्डा जिवंत असेल तर पाणी मिळताच नवे कोंब येतात.

रोपं वाढवायलाही तेच सोपं. दोन इंच दांड्यासकट एक छत्री कापा, पाती निम्मी छाटा आणि ती उलटी करून पाण्याच्या पेल्यात बुडवा. पाती जिथे एकत्र येतात, नेमक्या त्या जागी दोन-चार आठवड्यांत पांढरी मुळं आणि हिरवे कोंब दिसू लागतात. मुलांना दाखवण्यासारखं आहे हे! पपायरसचा झुबका असा ठेवला तर बऱ्याचदा कुजतो. त्याचा गड्डा पावसाळ्याच्या तोंडावर धारदार विळीने विभागावा, प्रत्येक तुकड्यावर तीन-चार कोंब ठेवून.

झुबक्याचाच मोह असेल आणि गॅलरी लहान असेल, तर बुटका पपायरस बघा. दोन-तीन फुटांचा, वाऱ्याला टिकणारा. पाणी मात्र यालाही सतत हवं. गॅलरीसाठी मी तरी हाच सुचवेन, आणि पहिल्यांदाच झाड लावणाऱ्याला अंब्रेला पाम.

परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणारी पिवळ्या पट्ट्यांची बुटकी केअरेक्स (तीही लव्हाळ्याच्याच कुळातली, गवतासारखी दिसणारी) विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात करपते, तिच्यावर पैसे घालवू नका. लंडन किंवा न्यू जर्सीत राहत असाल तर चित्र उलटं: तिथे केअरेक्स बाहेर बर्फातही तगते, आणि ही दोन्ही झाडं थंडीत घरात घ्यावी लागतात.

जास्तीचे गड्डे ओढ्यात किंवा नदीकाठी कधीही टाकू नका. ओल मिळाली की ते तिथेच रुजतात आणि काठावरच्या आपल्या वनस्पतींची जागा घेतात. गच्चीवर उन्हात पूर्ण वाळवा, मगच कंपोस्टमध्ये टाका.