अंबडच्या कारखान्यासाठी माणूस घ्यायचाय: मुलाखत स्क्रीनवर की समोरासमोर?

दोन सीएनसी ऑपरेटर (संगणकाच्या सूचनांवर धातू कापणाऱ्या मशीनवरचे), एक क्वालिटी इंजिनिअर आणि अकाउंट्सला एक जण. नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या लहान कारखान्यात भरती निघते ती साधारण अशीच. मालक विचारतात, सगळ्यांना बोलावून घेऊ की व्हिडिओ कॉलवरच उरकू? मी भरतीचं काम बघते. माझं उत्तर प्रत्येक जागेसाठी वेगळं आहे.

आधी इंजिनिअर. बहुतेकदा तो पुण्याकडे नोकरीत असतो. पुणे-नाशिक साधारण 210 किलोमीटर, म्हणजे अर्ध्या तासाच्या बोलण्यासाठी त्याची एक रजा आणि अख्खा दिवस जातो. चांगला माणूस इथेच नकार देतो. रात्री आठला, त्याची शिफ्ट संपल्यावर कॉल ठेवला की तोच मोकळेपणानं बोलतो. ड्रॉइंग स्क्रीनवर शेअर करा आणि विचारा, यातलं कोणतं माप तू आधी तपासशील? दहा मिनिटांत अंदाज येतो. अकाउंट्सवाल्यालाही टॅली उघडून स्क्रीन शेअर करायला सांगा आणि दोन एंट्र्या करून घ्या. या दोन जागांसाठी पहिली फेरी स्क्रीनवरच घ्यावी, यात मला शंका नाही.

ऑपरेटरचं मात्र तसं नाही. एकाला आम्ही फक्त कॉलवर निवडला होता. बोलायला चुणचुणीत, उत्तरं तोंडपाठ. मशीनवर उभा राहिला तर टूल ऑफसेट (कापणाऱ्या हत्याराच्या मापाची दुरुस्ती) देता येईना आणि आठवडाभर रिजेक्शनचा ढीग लागला. त्याच्या उलट सुरगाण्याकडचा एक आयटीआय झालेला मुलगा. नेटवर्क इतकं तुटायचं की आवाज येई तर चित्र अडके. आम्ही त्याला जवळजवळ नाकारलंच होतं. सुपरवायझरच्या आग्रहामुळे बोलावला. मायक्रोमीटर हातात दिला तर 0.01 मिलिमीटरपर्यंतचं माप न चुकता वाचलं आणि व्हर्नियर वापरून झाल्यावर पुसून डब्यात ठेवला. त्या दिवसाची आठवण मला अजून अस्वस्थ करते, कारण आम्ही त्या मुलाऐवजी त्याच्या गावातल्या टॉवरची परीक्षा घेत होतो. ऑपरेटरला शॉप फ्लोअरवर आणून मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावायला सांगून बघा. फोनवर फक्त पगार, शिफ्ट आणि राहायची सोय बोलून घ्या.

कोणतं ॲप? मालक, सुपरवायझर आणि उमेदवार असे तिघं असाल तर गूगल मीटच्या मोफत खात्यात एक तास मिळतो, झूमच्या मोफत खात्यात 40 मिनिटं. मुलाखतीला दोन्ही पुरतात, पण झूमवर बोलणं रंगात आलं की वेळ संपते, म्हणून मी मीट वापरते. ऑपरेटरशी व्हॉट्सॲपवरच बोलावं. ते त्याच्या फोनमध्ये असतंच, नवीन काही शिकायला लागत नाही. रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा.

ग्राहकाशी बोलतानाही मी असाच फरक करते. ड्रॉइंगमधला बदल, टॉलरन्सची (मापात किती फरक चालेल याची) शंका, डिलिव्हरीची तारीख हे सगळं कॉलवर छान होतं. पूर्वी एवढ्यासाठी सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबई गाठावी लागायची. पण माल नापास झाल्याची तक्रार आली की तो तुकडा घेऊन स्वतः जा. कॅमेऱ्यात बर (कापल्यावर कडेला राहिलेली धातूची कूस) दिसत नाही, आणि चिडलेला माणूस स्क्रीनवरून शांत होत नाही.

इंजिनिअरचंही शेवटचं बोलणं कारखान्यातच करा. आवाज, तेलाचा वास, कँटीन, त्याची खुर्ची कुठे असेल हे त्यालाही बघू द्या. नुसत्या कॉलवर रुजू झालेला पहिल्या महिन्यात सोडून गेला, हे आमच्याकडे दोनदा झालंय. आणि असं बोलावलेल्या प्रत्येकाला, निवड होवो न होवो, येण्याजाण्याचं भाडं त्याच दिवशी हातात द्या.